आखूड हौद्याचा ट्रक

१२ ऑगस्ट, सोमवार

आज ट्रक घेतला. हिरवा, डिझेलवर चालणारा, पुढे ऐसपैस केबिन आणि मागे आखूड हौदा. बदल्यात माझी छोटी गाडी देऊन टाकली. घरी आणून कोठारासमोर उभा केला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बराच वेळ बघत बसले.

केंटनला मी कळवलं नव्हतं, तरी जेवायच्या आधी तो हजर. गावात कुणीतरी सांगितलंच असणार. ट्रकभोवती एक फेरी मारली, हौद्यात वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आई, हौदा आखूड आहे हा!"

"दिसतोय मला."

"अगं, आपला राहायचा ट्रेलर साध्या कडीला अडकवायचा नाहीये. फिफ्थ-व्हील आहे तो. त्याचं नाक हौद्यात चढून बसतं. लांब हौद्यात त्याला फिरायला जागा असते. ह्यात तू जरा जास्त वळलीस की नाकाचा कोपरा मागची काच फोडून तुझ्या मानेवर येईल."

"लांब हौद्याचा तुझ्याकडे आहे. तो दे."

तो टायरला लाथ मारून बघायला लागला. माझ्या नवऱ्याचा, मायलोचा ट्रक एप्रिलपासून केंटनच्या शेडमध्ये आहे. शेतीला लागतो म्हणतो. पण गवताचे गठ्ठे तो स्वतःच्या जुन्या ट्रकमधूनच नेतो, मी पाहिलंय. वापरायचा नाही आणि द्यायचाही नाही. हा हट्टीपणा कुणाकडून आला, कोण जाणे.

जाताना म्हणाला, "उद्या परत करून ये. सप्टेंबरात लेबर डेची सुट्टी झाली की ट्रेलर विकायला लावायचा, आपलं ठरलंय."

ठरलं नव्हतं. एप्रिलमध्ये मी "बघू" म्हणाले होते. एप्रिलमध्ये मी सगळ्यालाच "बघू" म्हणत होते.

१४ ऑगस्ट, बुधवार

मैत्रीण पेगचा फोन. ती आणि तिचा नवरा यंदाही नॉर्थ डाकोटात बिटाच्या हंगामाला चाललेत. ऑक्टोबर लागला की शेतकरी रात्रंदिवस बीट आणून टाकतात आणि ते उतरवून घ्यायला साखर कारखान्याला माणसं लागतात. आमच्यासारखे निवृत्त लोक कुठून कुठून आपापले ट्रेलर ओढत तिथे जमतात. मायलो ढीग रचायच्या यंत्रावर असायचा, मी नमुन्याच्या पिशव्या भरायचे. आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेतले, निवृत्तीनंतर बिटाचे. मायलो म्हणायचा, बीट निदान सुई बघून ओरडत तरी नाही.

पेग म्हणाली, "अगं, तू नुसती ये. ट्रेलरचं लोढणं कशाला? आमच्यात झोप."

"मला माझ्या अंथरुणात झोपायचंय. शिवाय तुझा नवरा घोरतो."

"घोरतो? अगं, तो घोरायला लागला की तुफान आलं समजून गावात भोंगा वाजतो!" मग जरा थांबून, "पण आर्डिथ, एकटी ओढशील?"

"मग काय बँड लावून येऊ?"

मुकादमाला फोन करून माझी जागा राखून ठेवायला सांगितली. तो म्हणाला, सव्वीस सप्टेंबरला ट्रेलर जागेवर दिसला नाही तर जागा दुसऱ्याला. म्हटलं, दिसेल.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

कॉर्नफ्लेक्सचं खोकं कापून मापात ट्रक आणि ट्रेलर केले. टाचणी खोचून एकाला एक जोडले आणि टेबलावर वळवून पाहिले. केंटन खोटं बोलत नव्हता. काटकोनाच्या बऱ्याच आधी ट्रेलरचा कोपरा केबिनवर चढतो.

टाचणी थोडी मागे खोचली की चढत नाही. म्हणजे प्रश्न टाचणीचा आहे. ट्रक परत करायचं काही कारण नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

गेलनच्या दुकानात गेले. गेलन केंटनच्या वर्गातला, दोघे एकत्र फुटबॉल खेळायचे. आता हिच विकतो, म्हणजे ट्रेलरचा खिळा ज्या जबड्यात अडकतो ते लोखंडी धूड. मला बघून काउंटरमागून बाहेर आला.

"या काकू! केंटन बोलला मला. घाबरू नका, आखूड हौद्यालाही औषध आहे."

दोन औषधं दाखवली. एक सरकती हिच. अवघड जागी वळायच्या आधी खाली उतरायचं, दांडा ओढायचा, ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक जरा पुढे घ्यायचा, की हिच हौद्यात मागे सरकते. वळून झालं की पुन्हा उतरून जागेवर आणायची. दुसरी आपोआप सरकणारी. वळलं की स्वतःच मागे जाते, सरळ झालं की पुढे येते.

"काकू, तुम्ही ही घ्या. तुम्हाला काही करायचंच नाही. मस्त कॉफी पीत चालवा."

"गाडी चालवताना मी कॉफी पीत नाही."

"बरं, नका पिऊ. पण दांड्याच्या भानगडीत पडू नका. एकदा विसरलात की काच गेली."

मला दांड्याचीच आवडली होती. तिच्यात निदान आपण काय करतोय ते कळतं. म्हटलं ओढून बघते. दोन्ही हातांनी ओढला, पाय भिंतीला लावून ओढला, हलला नाही. गेलनने दोन बोटांनी ओढला.

"ग्रीस नाही हो त्याला," तो म्हणाला.

ग्रीस होतं. माझ्या तळहाताला लागलं होतं. खांद्याचं दुखणं मी त्याला सांगितलं नाही.

निघताना म्हणाला, "केंटनला विचारून घ्या एकदा."

"केंटनला चालायला शिकवलं तेव्हा मी गेलनला विचारलं होतं का?" असं म्हणून निघाले. गाडीत बसल्यावर हे वाक्य बरोबर नव्हतं असं लक्षात आलं, पण बोलून झालं होतं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

धान्य सोसायटीच्या, म्हणजे को-ऑपच्या, वजनकाट्यावर ट्रक नेला. पुढे मक्याची ट्रॉली, मागे मक्याची ट्रॉली, मध्ये मी. काट्यावरच्या मुलीने काचेतून विचारलं, "काय आणलंय ह्रुस्काबाई, ओलावा तपासू का?"

"माझाच तपास," म्हटलं. हसली.

ट्रेलरच्या नाकाचा भार किती ते मला ठाऊक आहे. मायलो दर वर्षी ह्याच काट्यावर बघायचा. ट्रकला किती झेपतं ते त्याच्या दारावरच्या पट्टीवर असतं. वजाबाकी केली. नाक बसतं, मी बसते, थोडं सामान बसतं. गेलनची आपोआप सरकणारी हिच धरली तर मीच बसत नाही, इतकी ती जड. मला उतरवून ट्रक एकटाच जाणार असेल तर उत्तम.

म्हणजे एक माझ्या खांद्याला झेपत नाही आणि एक ट्रकला झेपत नाही. आज खरं लिहायचं तर, घरी येऊन तशीच बुटांसकट पलंगावर पडले. केंटन म्हणतो तसं विकून टाकावं, असं जेवायच्या वेळेपर्यंत वाटत होतं. जेवल्यावर वाटेनासं झालं.

२६ ऑगस्ट, सोमवार

पेगला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, ते आयडाहोचे नाहीत का, कुत्र्याला स्वेटर घालणारे? त्यांचाही ट्रक आखूडच. ते तर कधी उतरून दांडे ओढत नाहीत. नाकाखाली काहीतरी वेगळं आहे त्यांच्या."

तिने त्यांचा नंबर दिला. बोलले. कुत्रा गेला म्हणे. मग हिचकडे वळलो.

युक्ती साधी आहे. हौद्यातली हिच आहे तिथेच ठेवायची, ट्रेलरच्या नाकाखालची, खिळा असलेली पेटी बदलायची. नव्या पेटीत वळायचा सांधा हातभर मागे असतो. खिळ्याला पाचर बसवतात, ती जबड्यात घट्ट बसते आणि खिळा अजिबात फिरत नाही. फिरतं ते सगळं मागे. म्हणजे माझी मागे खोचलेली टाचणी! वजन थोडं, दांडा नाही, उतरणं नाही.

गेलनला फोन केला. त्याला काही ते फारसं रुचलं नाही. "मागवून देतो, पण काकू, एक ऐका. पाचर ज्या हिचसाठी बनवलेली असते, तिच्यातच नीट बसते. मग दुसऱ्या कुणाच्या ट्रकला हा ट्रेलर जोडता येणार नाही. विकायला काढलात की पंचाईत."

"आणि नाही काढला तर?"

"तर काही पंचाईत नाही."

२७ ऑगस्ट, मंगळवार

पेटी घेतली तरी हौद्यात साधी हिच लागतेच. ती मायलोच्या ट्रकमध्ये आहे, नुसती पडून. म्हणून केंटनकडे गेले.

तो शेडमध्ये कापणी यंत्राखाली होता. मी सरळ मायलोच्या ट्रकपाशी गेले. बोनेटवर धूळ आणि धुळीत मांजराची पावलं. दार उघडून पाहिलं तर आत सगळं तसंच. मायलोची टोपी डॅशवर. सीटसुद्धा मायलोच्या मापाने पुढे ओढलेली. मायलो बुटका होता, केंटन ताडमाड. पाच महिन्यांत माणूस निदान साफसफाई तरी करतो.

"आई, दार लाव ते," केंटन यंत्राखालूनच ओरडला.

"हिच काढून दे मला ह्यातली."

"त्या ट्रकमधल्या कशालाही हात लावायचा नाही."

"अरे, तू वापरत नाहीस..."

"लावायचा नाही म्हटलं ना!"

हातात पाना घेऊन उभा होता आणि आवाज चढला होता. शेडच्या दारात मार्ला आली, माझी सून. ती त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी म्हटलं, ठेव तुझं तुझ्यापाशी, आणि निघाले.

मार्चमध्ये त्यानेच तो ट्रक शेताच्या कडेवरून घरी आणला होता. मायलोने गाडी बाजूला घेतली होती, इंजिन बंद केलं होतं, ब्रेक लावला होता. नीटनेटका माणूस. जेवायला का आला नाही म्हणून बघायला मीच केंटनला पाठवलं होतं. त्यानंतर तो ट्रक त्याला एवढा आपला का वाटायला लागला, हे मला अजून कळलेलं नाही.

गेलनला सांगितलं, पेटीबरोबर नवी हिचही मागव. वेगळ्या बनावटीची आली तरी चालेल. पाचर तिच्याच मापाची.

आणि हेही लिहून ठेवते, की आता ह्या ट्रेलरला माझ्या ट्रकशिवाय दुसरा कुणी हलवणार नाही, हे माझ्या मनात आलं होतं आणि मला ते आवडलं होतं.

७ सप्टेंबर, शनिवार

गेलनने गुरुवारी सगळं बसवून दिलं. आज पहिली फेरी. मुद्दाम फुटबॉलच्या मॅचचा दिवस धरला. मॅच सुरू झाली की आमच्या गावात रस्त्यावर कुत्रंही नसतं. सगळी लाल शर्ट घालून टीव्हीसमोर. को-ऑपचं आवार रिकामं होतं, तिथे सराव करायचं ठरवलं.

ट्रेलर जोडतानाच चूक केली. ट्रक मागे घेतला तेव्हा हौद्याचा मागचा फाळका खाली पाडायचा राहिला. ट्रेलरचं नाक आल्याबरोबर धाडकन आवाज. फाळक्याला मधोमध खळगा.

फाळका वर असला तर ओरडायचं काम माझं होतं. मायलो चालवायचा, मी मागे उभी राहून "फाळका!" म्हणून ओरडायचे. आज ओरडायची मीच होते, पण स्टिअरिंगवर बसलेली.

उतरून फाळका खाली पाडला, पुन्हा मागे आले. खिळा जबड्यात बसल्याचा आवाज ऐकला. मग मायलोची पद्धत. ट्रेलरचे पाय, म्हणजे पुढचे टेकू, जमिनीवर असतानाच त्याचे ब्रेक लावून ट्रक पुढे ओढून बघायचा. खिळा नीट धरला नसेल तर तेव्हाच कळतं. पाय वर उचलल्यावर कळून उपयोग नसतो. धरला होता. पाय उचलले.

को-ऑपच्या आवारात दोन तास वळत होते. डावीकडे, उजवीकडे, मागे. एकदा धान्याच्या कणगीला शिवता शिवता राहिले. शेवटी मनाचा हिय्या करून स्टिअरिंग पार पिळलं आणि मान वळवून मागे पाहिलं. ट्रेलरचा पांढरा कोपरा काचेच्या बाहेरून हळूहळू सरकत आला, सगळी काच भरून टाकली आणि तसाच पलीकडे गेला. काच शाबूत.

परत येताना गावात एकदम आरडाओरडा झाला, घराघरातून. टचडाउन करून आमच्या संघाने गुण घेतले असणार. मी हॉर्न वाजवला.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. मी डम्पलिंगच्या, म्हणजे उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, भांड्यावर होते, त्यामुळे दुपार गेली. घरी आले तर अंगणात मायलोचा ट्रक. आणि त्याच्यावर माझा ट्रेलर पडलेला.

पडलेला म्हणजे, नाक हौद्याच्या दोन्ही कडांवर आदळून बसलेलं. कडा चेपून आत गेलेल्या, रंगाचे पापुद्रे खडीवर. इंजिन चालूच होतं. दार उघडं. केंटन मागच्या चाकाला टेकून खडीवर बसला होता.

आधी इंजिन बंद केलं. मग विचारलं, "लागलंय का?"

मान हलवली. नाही.

"काय करत होतास?"

"माझ्या शेडमध्ये नेऊन ठेवणार होतो. हंगाम संपेपर्यंत. मग देणार होतो परत."

"म्हणजे चोरत होतास."

"हो, चोरत होतो! चोरत होतो, आई. पोलिसांना बोलव."

जाऊन पाहिलं. माझी पाचर मायलोच्या हिचच्या जबड्यात शिरलीच नव्हती. खिळा वरच्यावर टेकला आणि जबडा उघडाच राहिला. ह्याने पाय उचलले आणि गाडी पुढे काढली. ओढून बघितलं नाही. मायलोने त्याला ते मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं.

"ओढून का नाही बघितलंस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो रडतोय. तोंडावर हात नाही, काही नाही, तसाच समोर बघत रडतोय. चाळीशी उलटलेला माणूस.

मी ट्रकच्या दाराशी गेले. सीट तशीच पुढे ओढलेली. एवढा उंच माणूस, शेतापासून इथपर्यंत गुडघे स्टिअरिंगला लावून आला. सीट मागे घ्यायचंही सुचू नये? असा अवघडून चालवल्यावर चूक होणारच. तसं त्याला म्हटलंही.

"आई, तू गप्प बस ना जरा," तो म्हणाला. रागाने नाही.

म्हटलं, "पत्रा आहे. ठोकून निघेल. त्यासाठी एवढं..."

"तुला वाटतंय मी पत्र्यासाठी..." एवढंच बोलला. मग कशासाठी ते सांगितलं नाही.

मी ट्रेलरचे पाय खाली सोडले. यंत्राने हळूहळू नाक वर उचललं, ट्रक मोकळा झाला. ट्रेलरच्या पोटाला ओरखडा आहे, जास्त काही नाही. कॉफी केली, खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, पुढे ठेवले. त्याने एकालाही हात लावला नाही. लहानपणी घमेलंभर खायचा.

मग म्हणाला, "वाटेत तुला काही झालं तर? तू पण कुठेतरी गाडी बाजूला घेऊन... मी कुठे शोधू तुला? साउथ डाकोटात?"

"मला काय होतंय?"

"बाबांनाही काही होत नव्हतं."

मी कोलाच्यांची बशी त्याच्याकडे सरकवली. मी म्हटलं, "सव्वीस तारखेला मी तिथे असणार आहे. तुला पाहिजे तर रोज संध्याकाळी फोन करीन. पण जाणार."

"आणि नको म्हटलं तर?"

"तरी फोन करीन."

मायलोचा ट्रक तो इथेच ठेवून गेला. घरी चालत गेला, मक्याच्या कडेकडेने. सोडते म्हटलं तर नको म्हणाला.

१५ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये केंटन माझ्या शेजारी येऊन बसला. बाहेर पडताना मार्लाने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी म्हटलं, "अगं, ट्रेलरला फारसं काही झालेलं नाही." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली जणू मी परकी भाषा बोलतेय.

मायलोच्या ट्रकचा पत्रा ठोकायला कोण चांगला, गेलनला विचारायला हवं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज निघाले. हे साउथ डाकोटातल्या यँक्टनच्या पुढच्या ट्रेलर-तळावर बसून लिहितेय. हवा थंड आहे.

सकाळी केंटन आला. मला वाटलं अडवायला. त्याने ट्रेलरची सगळी चाकं पान्याने आवळून बघितली, एकेक नट. मी आधीच बघितले होते, पण म्हटलं बघू दे. मग फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

मी ट्रक मागे घेतला. तो ओरडला, "फाळका!"

"पाडलाय!" मी ओरडले.

ओढून बघितलं. धरला होता. पाय उचलले. फाटकातून रस्त्यावर वळताना त्याने हात असा उंच धरला होता, की अजून, अजून, आता बस. अगदी चुकीचं दाखवत होता, मायलो एवढा वळसा कधी घेत नसे. मी माझ्या अंदाजाने वळले. आरशात बघितलं तर हात अजून वरच होता.

वाटेत वारा भरपूर. एक मालट्रक बाजूने गेला की ट्रेलर अंग झटकतो. पहिल्या वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. नंतर नुसता राग येत होता. कुणावर ते कळलं नाही, पण रागात गाडी सरळ राहते.

२५ सप्टेंबर, बुधवार

पोचले. एक दिवस आधी. पेग मिठी मारायला धावत आली आणि ट्रेलरच्या खुंट्याला अडखळून पडली. तिचा नवरा अजून हसतोय. केंटनला फोन केला. "बरं," म्हणाला. मग पुन्हा "बरं."

दुपारचं लिहायचं आहे.

सिसेटनच्या आसपास डिझेल भरायला थांबले. पंप जुना, जागा अरुंद. भरून निघणार तर पुढे एक मोटार आडवी लावून मालक आत गेलेला. डावीकडे सिमेंटचा खांब. उजवीकडे विजेचं खोकं. मागे दोन ट्रक येऊन थांबले, त्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. बाहेर पडायला एकच वाट, खांबाला वळसा घालून. जवळजवळ काटकोनात.

ट्रकमधला एकजण उतरून खिडकीपाशी आला. धिप्पाड, बियाण्याच्या कंपनीची टोपी. हौद्याकडे बघून त्याने शीळ घातली.

"ताई, आखूड हौदा आहे तुमचा. इथे वळलात तर ट्रेलर केबिनमध्ये येईल. उतरा खाली, मी काढून देतो."

"नको."

"अहो, काच जाईल. मागे माझ्या मेव्हण्याची गेली. काय लोक असतात, बायकांना पाठवतात एकट्या. नवरा आत आहे का तुमचा? हाक मारतो त्याला."

"मार्चमध्ये वारला तो," मी म्हणाले. "तुम्ही त्या खांबापाशी उभे राहा आणि माझं मागचं चाक खांबाला लागतंय का तेवढं सांगा. काचेचं मी बघते."

तो जाऊन खांबापाशी उभा राहिला.

मी स्टिअरिंग पिळलं. पार शेवटपर्यंत. मागच्या काचेत पांढरं आलं, सगळं पांढरं झालं, हॉर्न थांबले. मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. खांबापाशी त्याने हात हलवला, जागा आहे, या. चाक खांबापासून वीतभर अंतराने गेलं असेल. मग काचेतून पुन्हा आकाश दिसायला लागलं.

रस्त्यावर लागताना आरशात बघितलं. तो माणूस अजून खांबापाशीच उभा होता, टोपी काढून छातीशी धरलेली. वारा फार होता, उडू नये म्हणून असेल.